कर्णसंधान : रक्षा आणि भूषण

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. त्याच्या बाह्यभिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी व गण यांची दाटी आहे. पाहणाराचे लक्ष त्यांच्या मुद्रा, आयुधे आणि अलंकार यांकडे जाते. कानांकडे सहसा जात नाही. वास्तविक त्या काळातील दख्खनच्या इतर शिल्पांप्रमाणे येथेही कर्णभूषणे ठळक आहेत आणि ती धारण करणारी कानाची पाळी निसर्गतः असते त्याहून पुष्कळ लांबविलेली आहे. काळा दगड झिजून चेहऱ्यांचे बारकावे अनेक ठिकाणी नाहीसे झाले असले, तरी ज्या मूर्तींची मस्तके शाबूत आहेत त्यांच्या बाबतीत ही गोष्ट नजरेतून सुटत नाही.

हा केवळ शिल्पकारांचा संकेत होता असे म्हणून भागत नाही. कानाला छिद्र पाडून ते क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची चाल भारतात दीर्घकाळ होती, आणि तिचा विधी शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथात सांगितलेला आहे. जी पाळी वाढविली जाते ती फाटण्याचाही संभव असतो. म्हणून त्याच ग्रंथात, त्याच अध्यायात, फाटलेली पाळी जोडण्याचा विधीही आला. कानाचा आकार शस्त्राने बदलण्याच्या विद्येचा या देशातील आरंभ असा अलंकारातून झालेला आहे. आज जिला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणतात व काहीशा उपेक्षेने पाहतात, तिचे मूळ शोधू गेल्यास उपचार आणि शोभा यांची फारकत करता येत नाही असे दिसून येते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णव्यध व कर्णबंध यांविषयी आहे. संहितेचा काळ वादग्रस्त आहे. तिच्यावर अनेक शतके संस्कार होत गेले हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मराठी वाचकांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, डल्हणाच्या टीकेसह या ग्रंथाची आचार्य यादवजी त्रिकमजी यांनी संपादिलेली आणि पुढे सर्वत्र प्रमाण मानली गेलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून बाहेर पडली.

अध्यायाच्या आरंभीच कान टोचण्याचे प्रयोजन दोन शब्दांत दिले आहे : रक्षा आणि भूषण. बालकाचे अनिष्टापासून रक्षण व्हावे आणि त्याला अलंकार घालता यावा, ही दोन्ही कारणे ग्रंथकाराने एका दमात सांगितली आहेत. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुभ दिवशी, बालकाला दाईच्या मांडीवर बसवून, खेळण्यांनी रिझवीत, डाव्या हाताने कान ओढून धरून सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या निसर्गसिद्ध छिद्राच्या जागी उजव्या हाताने हळूच वेध करावा. पाळी पातळ असल्यास सुईने, जाड असल्यास आरीने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. फार रक्त आले किंवा फार वेदना झाली, तर वेध भलत्या ठिकाणी झाला असे समजावे. कालिका, मर्मरिका व लोहितिका अशा तीन शिरा येथे सांगितल्या आहेत आणि त्या विद्ध झाल्यास ज्वर, दाह, सूज, गाठी, मानेचा ताठरपणा इत्यादी उपद्रव होतात असे म्हटले आहे. या तीन शिरा आजच्या शारीरशास्त्रातील नेमक्या कोणत्या रचना, हा प्रश्न सोडवू पाहण्यात फारसे स्वारस्य नाही. उपद्रवांची यादी मात्र अनुभवातून आलेली आहे यात शंका नाही. जखम दूषित झाल्यावर जे घडते त्याचेच ते वर्णन आहे.

वेधानंतर छिद्रात कापसाची वात घालावी, तेलाने भिजवावी, आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालीत जावे. दोष शमल्यावर लाकडाचे किंवा अन्य पदार्थाचे वर्धनक घालून छिद्र वाढवावे. अंबरनाथच्या मूर्तींच्या कानांमागे ही अशी महिनोन्महिन्यांची, घाई न करता चालविलेली क्रिया गृहीत आहे.

वाढविलेली पाळी दोषांमुळे किंवा आघातामुळे दुभंगते, तेव्हा संधानाचा प्रश्न येतो. सुश्रुताने संधानाच्या पंधरा आकृती सांगितल्या आहेत : नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक, आसंगिम, गंडकर्ण, आहार्य, निर्वेधिम, व्यायोजिम, कपाटसंधिक, अर्धकपाटसंधिक, संक्षिप्त, हीनकर्ण, वल्लीकर्ण, यष्टिकर्ण आणि काकौष्ठक. नावे चित्रमय आहेत. त्यांतील तत्त्व अत्यंत व्यावहारिक आहे. दुभंगलेल्या पाळीचे दोन भाग जाड आहेत की पातळ, सारखे आहेत की विषम, लांब भाग आतला आहे की बाहेरचा, यांवरून जोडण्याची तऱ्हा ठरते. उदाहरणार्थ, आतला भाग लांब व बाहेरचा आखूड असेल, तर दाराच्या कवाडासारखा एक भाग दुसऱ्यावर आणून बसवावयाचा, तो कपाटसंधिक. पंधरांपैकी पहिल्या दहा साध्य व शेवटच्या पाच असाध्य, असा स्पष्ट निर्णयही दिला आहे. या असाध्य प्रकारांच्या वर्णनात मांस अल्प, रक्त अल्प, पाळी आक्रसलेली अशी लक्षणे पुनःपुन्हा येतात. जेथे रक्ताचा पुरवठा नाही तेथे जोड धरत नाही, हे आधुनिक शल्यशास्त्रातील पहिले सूत्र येथे निराळ्या भाषेत पण निःसंदिग्धपणे उमटले आहे. कोठे हात घालू नये हे सांगणारा ग्रंथ कोठे घालावा हे सांगणाऱ्या ग्रंथाइतकाच मोलाचा असतो.

क्रियेचा तपशीलही असाच आहे. कडा एकमेकींना नुसत्या चिकटविल्याने जुळत नाहीत. बऱ्या झालेल्या जुन्या फटीच्या कडांवर त्वचा आलेली असते, आणि त्वचेला त्वचा जुळत नाही. म्हणून आधी छेदन, भेदन, लेखन किंवा व्यधन यांपैकी जे योग्य असेल त्याने कडा ताज्या करून घ्यावयाच्या, रक्ताची परीक्षा करावयाची, कडा उंचसखल न राहतील अशा जुळवावयाच्या, मध व तूप लावून कापसाने झाकावयाच्या आणि फार घट्ट नव्हे, फार सैल नव्हे, असा दोरा बांधावयाचा. त्यावर भाजलेल्या खापरीचे चूर्ण. रुग्णाने घर्षण, दिवसाची झोप, व्यायाम, अतिभोजन, अग्नीचा ताप, फार बोलणे इत्यादी टाळावे. आजचा शल्यचिकित्सक खापरीचे चूर्ण वापरणार नाही. कडा ताज्या करण्यावाचून मात्र त्याचेही चालत नाही. अलंकाराच्या ओझ्याने फाटलेली पाळी बधिर करून, फटीच्या दोन्ही कडांवरील त्वचा काढून, पुढून व मागून बारीक टाके घालणे ही आजची क्रिया त्याच विचारावर उभी आहे. सरळ रेषेत शिवल्यास व्रण आक्रसून पाळीच्या खालच्या कडेला खाच पडण्याचा संभव असतो. ती टाळण्यासाठी रेषा नागमोडी करण्याच्या युक्त्या नंतर निघाल्या.

पाळी मुळातच उरलेली नसेल तर काय करावे? सुश्रुताचे उत्तर असे : गालावरील मांस उकलून, त्याचा मूळ जागेशी असलेला संबंध न तोडता, त्यापासून पाळी करावी. संबंध न तोडण्याची ही अट सबंध त्वचारोपणशास्त्राची किल्ली आहे. तोडलेला तुकडा मरतो; देठाशी जोडलेला तुकडा नव्या जागी रक्त मिळेपर्यंत जुन्या जागेच्या रक्तावर जगतो. त्याच अध्यायाच्या शेवटी नाक नव्याने करण्याचा विधी आहे. पुढे जगभर कीर्ती झाली ती नाकाच्या विधीची. कानाचा विधी त्या अध्यायाचा मुख्य विषय असूनही मागे पडला.

या कीर्तीचा मार्ग पुण्यावरून गेला. इंग्रजांच्या टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात त्यांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैल हाकणारा कैद झाला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्यास विटा करणाऱ्या जातीतील एका मनुष्याने कपाळावरील त्वचा देठासह खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ पासून तसे प्रयोग केले व १८१६ मध्ये ते छापले. सुश्रुताचे नाक गालाच्या त्वचेचे आहे, पुण्याचे कपाळाच्या. तेव्हा पुण्याचा तो कारागीर संहितेचे पान समोर ठेवून काम करीत होता असे मानण्यास आधार नाही. ग्रंथ एका हाती व कसब दुसऱ्या हाती अशी विभागणी झालेली दिसते, आणि कसब ज्याच्या हाती राहिले त्याचे नावही त्या हकीकतीत नाही. आपल्याकडील विद्येच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे.

सुश्रुताच्या अध्यायातील एक गोष्ट तिच्या अनुपस्थितीमुळे महत्त्वाची ठरते. पाळीविषयी इतक्या बारकाईने लिहिणारा हा ग्रंथकार पुढे आलेल्या, पसरट कानांना मागे आणण्याविषयी काही सांगत नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. गणपतीला शूर्पकर्ण म्हणजे सुपासारख्या कानांचा म्हणून वंदन करणाऱ्या, बुद्ध व तीर्थंकर यांचे लांब कान हे महापुरुषलक्षण मानणाऱ्या समाजाला मोठा कान ही विकृती वाटण्याचे कारण नव्हते. त्याच समाजाने गाढवाला लंबकर्ण हे नाव दिले, हेही खरे. एकच आकार देवळात पूज्य आणि शाळेच्या बाकावर चेष्टेचा विषय होतो. कान बदलत नाही. त्याच्याकडे पाहणारा बदलतो. पैलवानांचे उदाहरण याहून बोलके आहे. तालमीत कानाला वारंवार मार व घर्षण लागून कूर्चा व तिच्यावरील आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. ते वेळीच काढून त्यावर दाबपट्टी न बांधल्यास तेथे घट्ट गाठी बनतात व कान चुरगळल्यासारखा होतो. शल्यचिकित्सकाच्या लेखी ही विकृती. कोल्हापूरच्या तालमीत मात्र असा कान म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीची खूण, आणि ती खूण पुसून टाकावी असे मल्लाला वाटत नाही.

येथे कानाच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या व दुसऱ्या कल्लाकमानींवर सहा लहान उंचवटे दिसू लागतात आणि त्यांच्या मिलनातून बाह्यकर्ण तयार होतो. सहा भाग वळत, सरकत व जुळत असल्यामुळे त्यात चूक होण्याच्या जागाही पुष्कळ. पूर्ण झालेला कान म्हणजे एका लवचीक कूर्चेचा घड्या पडलेला पत्रा आणि त्यावर बसविलेली त्वचा होय. पुढच्या बाजूस त्वचा कूर्चेला घट्ट चिकटलेली, मागे सैल. खालच्या पाळीत कूर्चा मुळीच नाही. तेथे त्वचा व चरबीच आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण तिच्यावरील आवरणातून होते.

या एका गोष्टीवरून कानाच्या व्यवहारातील पुष्कळ बाबी उलगडतात. पाळीत केलेला वेध सहसा निमूटपणे बरा होतो. कूर्चेतून केलेला वेध तितका निर्धोक नाही. मराठी स्त्रियांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी ही दोन्ही भूषणे कानाच्या वरच्या भागात घालतात. अलीकडे तरुणतरुणींमध्ये वरच्या कडेवर दोनतीन वेध करून घेण्याची हौस पुन्हा वाढली आहे. तेथील जखम दूषित झाली, विशेषतः स्यूडोमोनास जातीच्या जंतूंनी, तर आवरणाखाली पू साचतो, कूर्चेचे पोषण तुटते आणि ती विरघळून जाते. कान मग कायमचा आक्रसतो, आणि त्याला पुन्हा आकार देणे हे पाळी शिवण्यासारखे अर्ध्या तासाचे काम राहत नाही. सोनाराने कान टोचावे ही म्हण मराठीत योग्य अधिकाऱ्याने कानउघाडणी करावी अशा अर्थाने रूढ आहे. शब्दशः अर्थानेही तिच्यात तथ्य होते, कारण पिढीजात सोनाराला जागा ठाऊक असे. जंतूंचे भान त्याला असे की नाही, हा प्रश्न वेगळा. दुसरा धोका व्रण वाढत जाण्याचा. काही जणांच्या त्वचेत व्रण मूळ जखमेबाहेर पसरत जाऊन पाळीवर गाठ धरतो आणि ती नुसती कापून काढल्यास अनेकदा पहिल्याहून मोठी होऊन परत येते. गडद वर्णाच्या लोकांत ही प्रवृत्ती अधिक. म्हणून केवळ हौसेखातर कानावर शस्त्र चालविण्यापूर्वी घरात कोणाला अशी गाठ झाली होती काय, हे विचारणे हा पहिला उपचार होय.

पुढे आलेल्या कानांकडे वळू. डोक्याच्या बाजूशी कानाचा कोन साधारणतः वीस ते तीस अंशांचा असतो. तो वाढतो तेव्हा कारण दोहोंपैकी एक, किंवा दोन्ही, असते : कानाच्या कडेच्या आत तिला समांतर जाणारी घडी नीट पडलेली नसते, अथवा कानाची वाटी अधिक खोल असते. डीफेनबाख याने १८४५ मध्ये कानामागील त्वचा काढून कान मागे बांधण्याची क्रिया वर्णिली, परंतु ती आघातानंतरच्या विकृतीसाठी. जन्मतः पुढे आलेल्या कानांसाठी न्यूयॉर्कच्या एली याने १८८१ मध्ये शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. या मंडळींची समजूत अशी की त्वचा कमी केली म्हणजे कान मागे जाईल. पण कूर्चेचा ताण त्वचेहून बलवान असल्यामुळे कान हळूहळू पूर्वपदावर येई. १९१० मध्ये लकेट याने खरे कारण ओळखले. दोष त्वचेत नसून न पडलेल्या घडीत आहे; म्हणून घडी निर्माण केली पाहिजे. त्याने कूर्चा कापून ती केली. त्यामुळे कडा तीक्ष्ण दिसे. १९६३ मध्ये मुस्टार्डे याने कूर्चा न कापता मागून टाक्यांनी ती दुमडण्याची रीत दिली. १९६८ मध्ये फर्नास याने खोल वाटी टाक्यांनी मागील हाडाच्या आवरणाशी बांधण्याची रीत सांगितली. मधल्या काळात, १९५८ मध्ये, गिब्सन व डेव्हिस यांनी कूर्चेच्या स्वभावाविषयी एक सुंदर निरीक्षण मांडले होते : कूर्चेच्या दोन्ही पृष्ठभागांवर ताण समतोल असतो, आणि एका बाजूवर चरे पाडले की ती विरुद्ध बाजूकडे वाकते. स्टेनस्ट्रॉम याने १९६३ मध्ये याच तत्त्वावर पुढच्या पृष्ठावर ओरखडे काढून घडी पाडली. शक्तीने वाकविण्याऐवजी पदार्थाला आपण होऊन वाकू देणे हे या रीतीचे मर्म.

या शस्त्रक्रियेने ऐकण्यात काही फरक पडत नाही. तिचा लाभ आहे तो केवळ दिसण्याचा, आणि ती बहुधा पाचसहा वर्षांच्या वयानंतर करतात. तोवर कान प्रौढ आकाराच्या जवळ आलेला असतो आणि मूल शाळेत जाऊ लागलेले असते. चेष्टा तेथेच सुरू होते. कोणत्या मुलावर ती करावी याचे उत्तर कोन मोजून मिळत नाही. ज्या मुलाला कानांचे काहीच वाटत नाही, पण आईवडिलांना वाटते, त्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर नेण्याचे कारण नाही. जे मूल शाळेत जाण्याचे टाळते, टोपी काढीत नाही, त्याच्यासाठी ती चैन म्हणता येत नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र शस्त्राची गरजच न पडण्याचा संभव असतो. त्या काळात आईकडून आलेल्या स्त्रीसंप्रेरकाचा अंश बाळाच्या रक्तात असतो व कूर्चा विलक्षण मऊ असते. जपानमधील मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, या मुदतीत साध्या साच्याने व चिकटपट्टीने कान योग्य आकारात धरून ठेवल्यास तो आकार टिकतो. आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई तेल लावताना त्याचे नाक, डोके व कान यांना वळण देत असते. तिच्या हातांना कूर्चेच्या मऊपणाची जाण आहे यात संशय नाही; परंतु दिवसातून दोनचार मिनिटांच्या मर्दनाने घडी टिकत नाही, आठवडेच्या आठवडे अखंड धरून ठेवल्याने टिकते. प्रसूतिगृहात बाळाचे कान पहिल्या आठवड्यातच पाहिले गेले, तर पुढील पुष्कळ शस्त्रक्रिया वाचतील.

महाराष्ट्रात या शास्त्राला संस्थेचे रूप विसाव्या शतकाच्या मध्यास आले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील विभाग डॉ. नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी उभारला. अंटियांचे आरंभीचे मोठे काम कुष्ठरोग्यांवरील होते, आणि कानाच्या इतिहासात ते योगायोगाने आलेले नाहीत. कुष्ठाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात. कानाची पाळी हा तसा भाग असल्यामुळे निदानासाठी नमुना तेथूनच घेतात. रोगाच्या गाठाळ प्रकारात पाळ्या सुजून लोंबतात. औषधाने जंतू मेल्यावरही त्वचा सुरकुतलेली व लोंबती राहते. रोगी बरा झालेला असतो. वैद्यकाच्या लेखी तो निर्धोक असतो. तरीही त्याचा कान, त्याची झडलेली भुवई व बसलेले नाक गावाला जुनी गोष्ट सांगत राहतात, आणि त्याला काम मिळत नाही, घरात जागा मिळत नाही. अशा माणसाची पाळी छाटून सारखी करणे हा उपचार की शोभा? जो तो प्रश्न विचारील त्याने त्या माणसाला नोकरी देऊन पाहावी.

१९६७ मध्ये अंटिया व बुच यांनी कानाच्या कडेतील तुटीसाठी एक रीत प्रसिद्ध केली. ती आजही त्या दोघांच्या नावाने जगभर शिकविली जाते. अपघाताने, चावल्याने किंवा अर्बुद काढल्याने कानाच्या वळलेल्या कडेचा दोनअडीच सेंटिमीटरपर्यंतचा तुकडा गेला, तर पूर्वी दुरून त्वचा आणून, अनेक टप्प्यांत, ती भरून काढावी लागे. अंटिया-बुच रीतीत दुरून काहीच आणीत नाहीत. कडेच्या आतील खाचेतून छेद घेऊन पुढील त्वचा व कूर्चा कापतात. मागील त्वचा शाबूत ठेवून ती कूर्चेपासून मोकळी करतात. आता उरलेली कड मागच्या त्वचेच्या आधाराने व तिच्याच रक्तावर जगत दोन्ही बाजूंनी सरकविता येते. वरच्या टोकाशी, कड जेथे वाटीत शिरते तेथे, छेदाचा आकार असा ठेवतात की तिला आणखी थोडी लांबी मिळावी. दोन्ही टोके भेटली की टाके घालावयाचे. कान किंचित लहान होतो, पण त्याची रेषा अखंड राहते. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला कानाचा लहानमोठेपणा कळत नाही, रेषेतील खाच तेवढी कळते. शिवाय दोन कान एकाच वेळी सहसा कोणी पाहत नाही. जुन्या जागेचा संबंध न तोडता मांस सरकविण्याचे सुश्रुताचे तत्त्व येथे कूर्चेसह कडेला लावलेले आहे. अंटियांनी ते त्या अध्यायावरून घेतले असे म्हणण्याचे कारण नाही. रक्ताभिसरणाचे नियम दोघांनाही सारखेच लागू होते.

कान मुळातच तयार न झालेल्या मुलांचा प्रश्न याहून कठीण. टॅन्झर याने १९५९ मध्ये बरगडीच्या कूर्चेतून कानाचा सांगाडा कोरून तो त्वचेखाली बसविण्याची रीत रूढ केली. बरगडीची कूर्चा पुरेशी मोठी होईपर्यंत थांबावे लागत असल्यामुळे ही क्रिया सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान करतात. परंतु या मुलांत कर्णमार्गही बहुधा बंद असतो. विशेषतः दोन्ही बाजूंना तसे असल्यास श्रवणाची सोय तान्हेपणीच करावयास हवी, नाही तर भाषा येण्याचे वय निघून जाते. दिसण्याची शस्त्रक्रिया वाट पाहू शकते; ऐकणे थांबू शकत नाही. कान नाही म्हणून खचलेले पालक पुष्कळदा नेमके उलट क्रमाने विचार करतात.

अंबरनाथच्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर उल्हासनगर सुरू होते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हास नदीवरून हे नाव मिळाले. पुढे रेल्वेमार्गावर अंबरनाथ व बदलापूर ही कारखान्यांची आणि चाकरमान्यांची गावे वाढत गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर सुमारे ५८, अंबरनाथ ६० व बदलापूर ६८ किलोमीटर. पाळी शिवण्याचे काम कोणत्याही कुशल शल्यचिकित्सकाला या गावांत करता येते. बरगडीतून कान कोरण्यासाठी किंवा वितळलेल्या कूर्चेच्या पुनर्रचनेसाठी सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयाचा आसरा घ्यावयाचा, तर मुंबईपर्यंत जावे लागते. तेही एकदा नव्हे, तर टप्प्याटप्प्याने अनेकदा, रोजगार बुडवून. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अंबरनाथचे एक आहे. नव्या महाविद्यालयात शल्यचिकित्सा व कान-नाक-घसा हे विभाग असावेच लागतात. प्लास्टिक सर्जरी हा त्यापुढील विशेष विषय. तो येथे केव्हा येतो यावर या तीन गावांतील मुलांच्या खेपा अवलंबून राहतील.

पैशाच्या बाजूने पाहता जुनी गल्लत कायम आहे. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मान्य असते. वरवर पाहता भेद स्वच्छ वाटतो. कुड्या व झुमके वागवून चाळीस वर्षांत हळूहळू चिरत गेलेली पाळी कोणत्या रकान्यात घालावयाची? लोकलच्या गर्दीत पदर किंवा ओढणीत अडकून एका झटक्यात फाटलेली पाळी अपघात ठरते. तोच अलंकार, तीच पाळी, तेच टाके. कानावरचा भार केसांत अडकविलेल्या साखळीवर घेणारा वेल हा दागिना ज्यांनी योजिला त्यांना या हळू चालणाऱ्या अपघाताची पूर्ण कल्पना होती. भूषणाच्या रक्षणासाठी केलेले हे दुसरे भूषणच होय.

पाळी शिवून झाल्यावर रुग्ण स्त्री जो प्रश्न हमखास विचारते तो दुखण्याविषयी नसतो. पुन्हा कुडी केव्हा घालता येईल, असा असतो. व्रण पक्का होण्यास काही महिने लागतात, तोवर थांबावे. नवा वेध जुन्या व्रणावर करू नये, त्याच्या बाजूला, निरोगी त्वचेत करावा, कारण व्रणाच्या ऊतीला मूळ त्वचेचे बळ कधीच येत नाही. पहिली काही वर्षे हलकी कुडी वापरावी, आणि झोपताना ती काढून ठेवावी.